सदतिसावा टेकू

आम्ही घरं उचलतो असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, म्हणजे सामान हलवता का? सामान आम्ही हलवत नाही. फडताळातल्या बरण्यासुद्धा जागच्या जागी राहतात. भिंती, छप्पर, फरशी यांच्यासकट अख्खं घर पायापासून सुटं करायचं, जॅकवर घ्यायचं, हवं तेवढं वर न्यायचं आणि खाली नवा पाया बांधून पुन्हा टेकवायचं. माझा मामा हेच करत म्हातारा झाला. मी इंजिनिअर होऊन कुठंतरी थंडगार ऑफिसात बसेन असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मी मामाकडेच आले. आई अजून अधूनमधून मामावर त्याचा राग काढते.

ज्या घराची ही गोष्ट, ते एका चष्म्याच्या दुकानदाराचं होतं. गल्लीच्या टोकाला, एकमजली, पुढं अंगण आणि लोखंडी फाटक. समोरचा रस्ता दरवेळी जुन्या डांबरावर नवं डांबर पडून वर येत गेला होता आणि घर बिचारं होतं तिथंच राहिलं होतं. आता फाटकातून अंगणात जायला उतरावं लागे. कोपऱ्यावरचं गटार तुंबलं की पाणी थेट बैठकीच्या खोलीत. भिंतींवर गुडघाभर उंचीवर तपकिरी रेघ पडली होती आणि तिच्या खालचा रंग सोललेल्या सालीसारखा सुटला होता. दुकानदारांची मुलगी दुसऱ्या शहरात राहायची. ती फोनवर एकच सांगायची, विकून टाका आणि माझ्याकडे या. काका तयार होते. काकू नव्हत्या.

काकूंचे गुडघे पार कामातून गेले होते. एका हातानं भिंत धरायची, दुसरा हात मांडीवर रेटायचा आणि मग पाऊल उचलायचं, अशा त्या चालायच्या. त्यामुळं घरातल्या सगळ्या भिंतींवर कमरेच्या उंचीला त्यांच्या तळहाताचा तेलकट पट्टा उमटला होता. पहिल्या भेटीत त्या मला म्हणाल्या, "घर वर घे गं, पण पायऱ्या कमीत कमी ठेव. माझे हे गुडघे आता भंगारवालासुद्धा नेणार नाही."

"काम चालू असताना दुकानाच्या माडीवर राहायला जाल ना?" मी विचारलं.

"छे. जॅक फिरवायचे असतील तेव्हा अंगणात येऊन बसेन. बाकी वेळ मी माझ्या घरात."

मामानं मान डोलावली. अशी माणसं त्याला नवी नव्हती. घर अधांतरी असताना आत बसून मालिका बघणारेही त्यानं पाहिले होते.

घराची बांधणी चांगली होती. मूळ बांधणाऱ्यानं जमीन ओलसर म्हणून फरशीखाली स्लॅब टाकून त्याच्या आणि जमिनीच्या मधे पोकळी ठेवली होती, माणूस पोटावर सरपटत जाईल एवढी. आम्ही भिंतींच्या बुडाला भोकं पाडून लोखंडी गर्डर आरपार सरकवले आणि त्यांच्याखाली छत्तीस जॅक लावले. प्रत्येक जॅकशेजारी लाकडी ठोकळ्यांची चवड. चवडीचा माथा आणि गर्डर यांच्यात बोटभर फट. जॅकनं दगा दिलाच तर घर बोटभर खाली येऊन ठोकळ्यांवर बसेल, इतकंच.

माझं काम वजनाचं होतं. प्रत्येक जॅकखाली मी एक सेन्सर ठेवायची, त्याच्या वायरी अंगणातल्या टेबलावर माझ्या यंत्राच्या डब्यात यायच्या. पडद्यावर घराचा नकाशा आणि छत्तीस चौकोन दिसायचे. प्रत्येक चौकोनात त्या जॅकवर किती टन आहेत तो आकडा. खाली सगळ्यांची बेरीज.

गोष्ट साधी आहे. तीन पायांचं स्टूल कुठंही ठेवा, डुगडुगत नाही. चार पायांचं ठेवलं की एखादा पाय हमखास आळशी निघतो आणि त्याचं ओझं शेजारचे वाहतात. छत्तीस पाय असले तर विचारूच नका. एक जॅक केसभर खाली राहिला की शेजारच्यांवर भार चढतो, वर राहिला की सगळं तोच ओढून घेतो. कुणी किती उचलायचं याची त्यांच्यात सतत ओढाताण चालू असते. पण बेरीज बदलत नाही. घराचं वजन आहे तेवढंच राहतं. एकानं टाकलं तर दुसऱ्यानं घेतलेलं असतं. माझा सगळा विश्वास त्या बेरजेवर होता.

घर पायापासून सुटलं तेव्हा बेरीज आली एकशे साठ टन. मामानं आधीच नुसतं घराभोवती फिरून अंदाज बांधला होता, तो दीडशेचा. "दहा टन काकूंच्या बरण्या," तो म्हणाला.

पहिली उचल छान झाली. मामाच्या शिट्टीवर सगळ्यांनी एकदम जॅक फिरवले, थांबले, पुन्हा फिरवले. भिंतीत कुठं केसाएवढी चीर नाही. माणसं अंगणात पाणी प्यायला बसली, काकू आत गेल्या. मी सहज पडद्याकडे पाहिलं.

एकशे छप्पन्न.

मागच्या खोलीखालचे चार चौकोन उतरले होते. बाकीचे जिथल्या तिथं. चार टन कुणी टाकले होते आणि कुणीच घेतले नव्हते.

यंत्रात बिघाड, असं मी धरलं. दुसरं काय धरणार? मागचे सेन्सर काढून पुढं लावले, पुढचे मागं. पुढं नेलेले बरोबर दाखवू लागले. मागं नेलेले कमी. वायरी बदलल्या. तेच.

मग लंबूला खाली पाठवलं. लंबू आमच्यात सगळ्यांत बुटका, म्हणून त्याचं नाव लंबू आणि म्हणून घराखाली जायचं काम कायम त्याच्याकडे. तो सरपटत मागच्या खोलीखाली गेला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला.

"बाई, हा जॅक सैल आहे."

"सैल म्हणजे किती?"

"हातानं फिरतोय. नुसत्या हातानं. दांडा न लावता."

ज्या जॅकवर चार-साडेचार टन असायला हवेत तो हातानं फिरत नाही. "ठोकळ्यावर टेकलंय का घर?" मी ओरडून विचारलं.

"नाही हो. बोट जातंय फटीतून."

मामा उठला. शेजारच्या भिंतीला घर कुठं चिकटून राहिलंय का ते त्यानं स्वतः पाहिलं. करवतीचं पातं दोन्ही भिंतींच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेलं. ते कुठं अडलं नाही. नळाचे पाइप कापलेले होते, विजेची वायर लोंबत होती. घर जगाला फक्त छत्तीस ठिकाणी टेकलं होतं.

"कस तो जॅक," मामानं लंबूला सांगितलं. लंबूनं कसला. आकडा वर आला, जरा वेळ थांबला आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा उतरला. एकशे एक्कावन्न.

मामा माझ्या पाठीमागं उभा राहून बघत होता. "तुझा डबा आजारी आहे," तो म्हणाला. पण त्याच्या आवाजात नेहमीची चेष्टा नव्हती.

पुढच्या दिवशी उचल नव्हती. माणसं नव्या पायाच्या विटा उतरवत होती. मी टेबलाशी बसून नुसती पडद्याकडे बघत होते. मागच्या खोलीतले चार आकडे खाली गेलेले. मग ते हळूहळू भरले आणि बोळाखालचे उतरले. मग बोळातले भरले, स्वयंपाकघराखालचे उतरले. घराखालून काहीतरी सावकाश पुढं सरकत होतं.

स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या राहिल्या. "घ्या रे," त्यांनी हाक मारली.

मी कप घेतला, आभार मानले, दोन घोट प्याले. मग माझ्या लक्षात आलं की ट्रे त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

"काकू," मी म्हणाले, "माझी बाटली बैठकीत राहिली वाटतं. बघता का जरा?"

बाटली माझ्या पिशवीत होती. त्या आत वळल्या. मी पडदा बघत राहिले. स्वयंपाकघर, बोळ, बैठक. आकडे त्यांच्या पावलांबरोबर उतरत गेले आणि त्यांच्या मागं भरत गेले. बैठकीत त्या थांबल्या तसे आकडेही थांबले. जास्तीचा टेकू ज्या बिंदूला असतो त्याच्या जवळच्या जॅकचं ओझं जास्त हलकं होतं, लांबच्याचं कमी. त्यावरून बिंदू काढणं शाळेतलं गणित आहे. मी काढला. तो बैठकीतल्या खिडकीच्या जरा अलीकडे आला. मी मान वर केली. काकू खिडकीच्या जरा अलीकडे उभ्या होत्या आणि मला हातानं खूण करत होत्या, बाटली इथं नाही गं.

माणूस फरशीवर उभा राहिला की खालचं ओझं वाढतं. थोडं का होईना, वाढतं. काकूंच्या पायाखाली ते टनांनी कमी होत होतं.

मी आत गेले. काकू खुर्चीत बसल्या होत्या.

"गुडघे कसे आहेत?" मी विचारलं.

त्या एकदम लाजल्यासारख्या हसल्या. "कुणाला सांगू नकोस. हे लगेच म्हणतील, इतकी वर्षं नाटक करत होतीस. पण घर सुटं केलंत ना, तेव्हापासून दुखतच नाहीत बघ."

"अचानक?"

"पाय टाकायच्या आधी फरशी वर येऊन भेटते. कसं सांगू... अंधारात जिना उतरताना आपल्याला वाटतं अजून एक पायरी आहे, आणि जमीन आधीच लागते. तसं. प्रत्येक पावलाला." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "कुणीतरी तळवे धरतंय असं वाटतं."

मी उभी होते त्या फरशीकडे मी पाहिलं. साधी करड्या रंगाची फरशी, मधे पांढरे ठिपके. माझ्या पायाखाली ती नेहमीच्या फरशीसारखी होती, थंड आणि कठीण.

संध्याकाळी मी मामाला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. त्यानं विडी काढली, पण पेटवली नाही.

"एका जागी किती टन उचलले जातायत?"

"काल नऊ होते. आज दुपारी चौदा."

"वाढतंय म्हणजे."

"हो."

"उद्या उरलेली उचल एका दमात संपवू आणि पाया भरून टाकू," तो म्हणाला. "त्या बाईला दुकानाच्या माडीवर ने. मी काकांशी बोलतो."

काकांशी बोलून उपयोग झाला नाही. सज्जन माणूस, त्यांनी चष्मा पुसत नुसतं ऐकून घेतलं. सकाळी मी गेले तेव्हा ते फाटकाशी ओशाळवाण्या चेहऱ्यानं उभे होते. "ती यायला तयार नाही. म्हणते, बाहेर गेले की पाय पुन्हा दुखतील. मी काय हात धरून ओढू तिला?"

"निदान अंगणात बसू दे," मामा म्हणाला. "घर वर न्यायचंय. आत माणूस नको."

काका आत गेले. आतून बोलण्याचा आवाज येत राहिला, काकांचा चढा, काकूंचा शांत. माणसं आपापल्या जॅकपाशी जाऊन बसली होती. लंबू मधल्या गर्डरखाली, घराच्या पोटात. मामानं शिट्टी ओठांत धरली होती पण वाजवली नव्हती.

माझ्या पडद्यावर बेरीज एकशे चाळीस होती.

मग एकशे तीस.

"मामा," मी म्हणाले.

एकशे दहा. आता फक्त बैठकीखालचे नाहीत, सगळेच चौकोन उतरत होते, कडेचेसुद्धा. कुठल्याही माणसानं दांड्याला हात लावलेला नव्हता. भिंतीच्या कडेनं लाकूड सरकल्यासारखा बारीक आवाज येऊ लागला. जॅकच्या डोक्यावर ठेवलेल्या पत्र्याच्या चकत्या सैल होऊन थरथरत होत्या.

"बाहेर! सगळे बाहेर!" मामा ओरडला.

माणसं उड्या मारून अंगणात आली. लंबू शेवटी आला, कोपरं सोललेली. "ते वर चाललंय," तो म्हणाला. "मिस्त्री, घर वर चाललंय. फटीत आता माझा अख्खा हात जातो."

पाण्याची पारदर्शक नळी आम्ही कोपऱ्याकोपऱ्याला बांधलेली असते, घर सरळ उचललं जातंय का ते बघायला. मी तिच्याकडे पाहिलं. चारही कोपरे एकाच वेळी, एकसारखे वर आले होते. आमच्या इतक्या माणसांना इतक्या शिट्ट्यांनी जे जमत नाही, ते.

काका दारात आले. त्यांना काही कळलं नव्हतं, पण सगळ्यांचे चेहरे बघून ते दाराला उतरती लावलेल्या फळीवरून धडपडत खाली उतरले.

पडद्यावर शून्य.

घराखाली आता हातभर मोकळी हवा होती आणि जॅक घराला पोचत नव्हते. ते तिथून खाली आलं तर ठोकळे काडेपेटीसारखे चिरडणार होते. आणि आत काकू होत्या.

मी फळीवरून आत गेले. मामानं मागून हाक मारली, मी थांबले नाही. थांबले असते तर गेलेच नसते.

उंबरा ओलांडल्यावर मला ते कळलं. पाय टाकला आणि फरशी आधीच लागली. पुन्हा टाकला, पुन्हा आधी. फरशी हलत नव्हती. तरीही प्रत्येक पावलाला तळव्याखालून मऊ, नेमका रेटा येत होता, आणि माझं वजन मला नकोसं झाल्यासारखं कमी होत होतं. 

काकू बैठकीच्या मधोमध उभ्या होत्या. हात मोकळे, डोळे मिटलेले. मी त्यांचा हात धरला. तो माझ्या हातात पिसासारखा राहिला.

"काकू, चला."

"श्श." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "त्याचे हात थरथरतायत."

मग मलाही जाणवलं. फरशीतून एक बारीक कंप येत होता. फडताळातल्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या. खूप वेळ जड वस्तू डोक्यावर धरल्यावर दंडात जशी थरथर येते, तशी ती होती. अनियमित. मधेच थांबणारी, मग वाढणारी.

"दमलंय गं ते," काकू म्हणाल्या. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "माझ्यासाठी सगळं घर घेऊन उभं राहिलंय. मी उतरल्याशिवाय खाली ठेवणार नाही."

"मग उतरा."

"उतरते. पण ठेवणार कशावर? तुमचे जॅक कुठं लागलेत?"

मी दारात आले आणि मामाला तेच ओरडून सांगितलं. काय सांगत्येय ते माझं मलाच ऐकवत नव्हतं. सगळे जॅक वर घे. लागतील इथपर्यंत. ठोकळे वाढव. मग आम्ही येतो.

म्हणजे कुणीतरी त्या घराखाली जायचं होतं. ज्याला आता काहीही आधार नव्हता, त्या घराखाली.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मामानं शिट्टी गळ्यातून काढून काकांच्या हातात दिली. अंगातला सदरा काढला. "कडेचे तुम्ही बाहेरून घ्या," तो माणसांना म्हणाला. "मधले मी घेतो." तो जमिनीवर आडवा झाला, आणि त्याच्यामागून लंबूही.

मी काकूंचा हात धरून उभी राहिले. खाली जॅक फिरत असल्याचा चरचर आवाज एकेका ठिकाणाहून यायचा. ठोकळ्यावर ठोकळा बसल्याचा धप्प आवाज. मधे एकदा मामाचा आवाज आला, "सरक जरा," आणि पुन्हा चरचर सुरू.

बरण्या वाजत होत्या.

"झालंच रे," काकू फरशीकडे बघून पुटपुटल्या. लहान मुलाला समजवावं तसं. "झालंच."

एक बरणी फडताळावरून खाली आली आणि फुटली. कंप पायातून गुडघ्यापर्यंत चढला.

"भाची!" बाहेरून मामाचा आवाज. "या आता!"

आम्ही चाललो. काकू भिंतीला हात न लावता चालल्या. उंबऱ्याशी त्या थांबल्या, खाली वाकल्या आणि फरशीवरून एकदा हात फिरवला. मग फळीवर पाऊल टाकलं आणि त्यांच्या तोंडून वेदनेचा एक शब्द निघाला. गुडघे वाकले. काकांनी पुढं होऊन त्यांना धरलं.

मी पडद्याकडे धावले.

घर आदळलं नाही. मागच्या कोपऱ्यातला पहिला आकडा भरला, मग त्याच्या शेजारचा, मग पुढचा. ओळीनं, सावकाश, झोपलेलं मूल गादीवर ठेवताना आधी पाय टेकवतात, मग पाठ, मग हात काढून घेतात, तसं. जॅक एकेक करून कुरकुरले. शेवटचा चौकोन भरला तेव्हा बेरीज होती एकशे साठ.

मामा आणि लंबू हौदापाशी हात धूत होते. लंबूचे दात वाजत होते, भर दुपारी. मामाच्या पाठीवर माती होती. मी जवळ गेले.

"खाली काय होतं?"

"काही दिसलं नाही." त्यानं पुन्हा हात धुतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोघंच होतो आम्ही. पण दाटी होती."

लंबूनं त्या घराखाली पुन्हा पाऊल ठेवलं नाही आणि मामानं त्याला सांगितलंही नाही. घर होतं त्याच उंचीवर आम्ही पाया बांधून घेतला. ती उंची आम्हाला हवी त्याहून थोडी जास्तच होती. काम होईपर्यंत काकू दुकानाच्या माडीवर होत्या. जिना चढवायला काका आणि दुकानातला माणूस दोघं लागायचे असं कळलं. त्या दिवसांत बेरीज एकदाही हलली नाही. मी रोज बघायची. मग भिंतींखाली विटा आल्या, जॅक निघाले, पोकळीची तोंडं बंद झाली आणि माझा डबा मी पेटीत घातला. घराला आता छत्तीस पाय नव्हते. ते सगळीकडून टेकलं होतं. कुणी किती उचलतंय हे यापुढं कुणालाच कळणार नव्हतं.

काकू परत राहायला आल्या त्यानंतर थोड्या दिवसांनी आम्ही शेवटचं काम करायला गेलो. अंगणाची भर झाली होती. दारापासून फाटकापर्यंत सिमेंटची वाट तेवढी करायची होती. गवंड्यानं ती सकाळी घातली, थापीनं गुळगुळीत केली आणि दोन्ही बाजूंना फळ्या टाकून ठेवल्या.

काका फळीवरून तोल सावरत बाहेर आले. खूश होते. "डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची गरज नाही. त्यांनाच कळेना. परवा ही दोनदा गच्चीवर जाऊन आली. माझ्या आधी वर पोचते."

"बरं झालं," मामा म्हणाला.

तेवढ्यात काकू दारात आल्या. त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती. कुणी काही म्हणायच्या आत त्या उंबऱ्यावरून खाली उतरल्या आणि ओल्या सिमेंटवरून भराभर चालत फाटकापर्यंत आल्या. गवंडी ओरडला तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं.

"अगं बाई! ओलं होतं का?" त्यांनी चपला उचलून बघितल्या. चपला कोरड्या होत्या. "माफ करा हं," त्या हसून म्हणाल्या आणि पिशवी हलवत रस्त्यानं निघून गेल्या.

काका आत गेले. गवंडी थापी घेऊन वाटेपाशी वाकला आणि तसाच राहिला. मी आणि मामा जवळ गेलो.

ओल्या सिमेंटवर काकूंच्या पावलांचे खड्डे पडले नव्हते. पाऊल जिथं जिथं पडलं असेल तिथं सिमेंट खालून वर आलं होतं. दारापासून फाटकापर्यंत, एक डावीकडे, एक उजवीकडे, रुंद, चपटे उंचवटे. प्रत्येकाला एका कडेला चार लांबट फुगवटे होते आणि जरा खाली, बाजूला, पाचवा आखूड.

शेवटचा उंचवटा फाटकाशी, जिथं सिमेंट संपून रस्ता सुरू होतो तिथं होता.

 मामा उकिडवा बसला. त्यानं आपला पंजा पसरून त्या उंचवट्याच्या शेजारी धरून पाहिला. टेकवला मात्र नाही.